हिवाळ्याच्या रकान्यातलं शून्य

अलास्कातल्या फेअरबँक्सला माझा तो पहिलाच हिवाळा. मातीतून किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, ते मोजायचं माझं काम. जमीन गोठू लागली तशी मी यंत्रं आवरली आणि ऑक्टोबर ते एप्रिलच्या रकान्यांत सरळ शून्य भरून टाकलं. गोठलेली माती म्हणजे मेलेली माती, असंच डोक्यात होतं. मार्गदर्शक बाईंनी तक्ता पाहिला आणि एवढंच विचारलं, "हे मोजलंस, की मानलंस?"

जानेवारीत पुन्हा रानात गेले. हवा उणे 30 अंश, पण दोन फूट बर्फाच्या गोधडीखाली मातीचं तापमान होतं उणे 3. सप्टेंबरात जमिनीत रोवलेल्या कड्यावर डबा झाकला, नळी जोडली. यंत्रावरचा आकडा बराच वेळ हलला नाही. मग एकेक करत चढू लागला.

शून्य अंशाला मातीतलं सगळंच पाणी गोठत नाही. कणांना चिकटलेला पाण्याचा पातळ पापुद्रा त्याखालीही द्रव राहतो. तेवढ्यात जिवाणू तग धरतात, खातात, कार्बन डायऑक्साइड सोडतात. अगदी सावकाश, पण हा हिवाळा सात महिन्यांचा! 2019 साली आलेल्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज असा, की उत्तरेच्या बारमाही गोठलेल्या प्रदेशातून ऑक्टोबर ते एप्रिल या काळात सुमारे 1.7 अब्ज टन कार्बन हवेत जातो. उन्हाळ्यात तिथली झाडंझुडपं परत ओढून घेतात तो सुमारे 1 अब्ज टन. मी शून्य लिहून मोकळी झाले होते.

एप्रिलअखेर बर्फ वितळलं. चार दिवस आकडे उसळले आणि पुन्हा खाली आले. कोंडलेला वायू सुटला, हा एक भाग. दुसरा असा, की गोठताना जिवाणूंच्या पेशी फुटतात, मातीच्या गुठळ्या उकलतात आणि आत दडलेलं अन्न उघडं पडतं. मग जगलेले मेलेल्यांवर ताव मारतात.

हे मी बाबांना फोनवर सांगितलं. बीडकडे आमची चार एकर काळी जमीन आहे. ती गोठत नाही, पण मे महिन्यात भेगाळते आणि पहिल्या पावसात तिथेही असंच काहीसं घडतं. बर्च नावाच्या शास्त्रज्ञाने 1958 साली पूर्व आफ्रिकेतल्या मातीवरून ते मांडलं; त्याच्याच नावाने तो परिणाम ओळखला जातो.

"म्हणजे दर पावसाला आपल्या रानातलं कायतरी उडून चाललंय?"

"हो. पिकाला त्यातून नत्र मिळतं, पण कार्बन जातो."

"पूर्वी शेणखत पडायचं, भरून निघायचं. बैल विकले तसा उकिरडाच राहिला नाही." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "तिकडं काय टाकता?"

मी गप्प झाले. उत्तरेच्या गोठलेल्या मातीत आजच्या हवेत आहे त्याच्या जवळजवळ दुप्पट कार्बन आहे, हजारो वर्षांत साठलेला. तो सुटला तर भरून काढणारा उकिरडा कुणाकडेच नाही.

त्या उन्हाळ्यात बाबांनी दोन ट्रॉल्या शेणखत विकत घेऊन टाकलं. पुढच्या ऑक्टोबरात मी यंत्रं आवरली नाहीत.