प्रसाद आणि पडद्यावरचा खेळ

नागपुरात राहणाऱ्या मराठी ख्रिस्ती कुटुंबास जे प्रश्न पिढ्यानपिढ्या सोडवीत बसावे लागले आहेत, त्यांत शेजारच्या प्रसादाचा प्रश्न बहुधा सर्वांत जुना व सर्वांत नाजूक होय. शेजारच्या घरी सत्यनारायण होतो. शेजारीणबाई शिऱ्याची वाटी घेऊन हसतमुखाने दारात उभ्या राहतात. आणि त्या वाटीकडे पाहताना घरातील चार माणसांच्या मनांत चार निरनिराळे विचार येऊन जातात. कोणी तो शिरा निःशंकपणे खातो. कोणी वाटी आदराने घेतो आणि दार लागल्यावर मोलकरणीच्या मुलास देऊन टाकतो. कोणी हात जोडून, "आम्ही घेत नाही हो, राग मानू नका," असे म्हणतो. या तिन्ही प्रकारची माणसे एकाच बाकावर बसून उपासना करताना आम्ही पाहिली आहेत, आणि तिघांसही आपापल्या वागणुकीला पवित्र शास्त्रात आधार सापडलेला आहे. हा शिऱ्याचा प्रश्न अलीकडे वाटीतून निघून संगणकाच्या पडद्यावर जाऊन बसला आहे, आणि गेल्या उन्हाळ्यात तो आमच्या घरी आला.

व्हिडिओ गेमसारख्या पोरखेळाचा धर्माधर्माशी काय संबंध, असे कोणी विचारील. पण करमणुकीच्या उंबरठ्यावर विवेकाला पहारा करीत बसविण्याची आमची खोड जुनी आहे. आमच्या आजोबांच्या घरात पत्त्यांच्या जोडाला प्रवेश नव्हता. त्या काळच्या मिशनच्या वळणात वाढलेल्या घरांत पत्ते, नाटक आणि तंबाखू ही तिन्ही एकाच पंक्तीला बसविलेली असत. कॅरम मात्र चालत असे. पैसे लावून कॅरम खेळणारी माणसे सदर बाजारात हाकेच्या अंतरावर होती, हे आजोबांस ठाऊक नसेल असे नाही. परंतु पत्त्यांवर राजा-राणीची चित्रे असतात आणि सोंगटी बिचारी निराकार असते, एवढ्यावरच कदाचित तिची सुटका झाली असावी. निषिद्धाची यादी करताना माणसाचा डोळा प्रथम चित्रावर जातो, हे तेव्हा आमच्या लक्षात आले नव्हते. ते गेल्या मे महिन्यात आले.

नागपूरचा मे महिना ज्याने भोगला आहे त्यास मुलांनी दुपारी बाहेर खेळावे असा उपदेश करण्याचे धाडस व्हावयाचे नाही. पारा पंचेचाळिसाच्या घरात गेलेला, दारेखिडक्या बंद, कूलरची घरघर चाललेली, आणि चौदा वर्षांचा नातू पडद्यापुढे बसलेला. आमच्या सूनबाई विचारी आहेत. त्यांनी एक वही केली आहे. तीत चालणारे खेळ, विचारून खेळावयाचे खेळ व न चालणारे खेळ, असे तीन रकाने आहेत. युरोपात २००३ पासून खेळांच्या वेष्टणावर ३, ७, १२, १६ व १८ असे वयाचे आकडे छापतात, तेही त्यांनी उतरून घेतले आहेत. अमेरिकेतील 'फोकस ऑन द फॅमिली' ही संस्था 'प्लग्ड इन' या नावाने ख्रिस्ती पालकांसाठी चित्रपट, गाणी व खेळ यांची छाननी प्रसिद्ध करते, तिचाही त्या आधार घेतात. इतके श्रम घेऊन तयार केलेल्या त्या वहीत आम्हांस एक गोष्ट विलक्षण दिसली. चालणाऱ्या खेळांच्या रकान्यात 'बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया' होता, आणि न चालणाऱ्या खेळांत 'राजी' होता.

पहिल्या खेळाचा परिचय बहुतेक घरांस आहे. शंभर जणांस विमानातून एका बेटावर सोडून द्यावयाचे. त्यांनी एकमेकांस मारीत सुटावयाचे. जो शेवटी उरेल तो जिंकला. याचाच मूळ अवतार 'पबजी' सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने बंद केला, तेव्हा आमच्या मंडळीतील काही मातांनी देवाचे आभार मानले होते. वास्तविक ती बंदी नीतीसाठी नव्हती. देशाची सुरक्षितता आणि लोकांच्या माहितीची गोपनीयता ही तिची कारणे होती. पुढे २०२१ मध्ये तोच खेळ नवे नाव धारण करून आला, २०२२ मध्ये पुन्हा गेला व २०२३ मध्ये पुन्हा परतला. सूनबाईंस आम्ही विचारले, की यास मोकळीक कशी? त्या म्हणाल्या, "त्यात देवबीव काही नाहीत, मामंजी. सगळी मुले खेळतात."

'राजी' हा खेळ पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या मंडळींनी रचिला व तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात राजी नावाची एक मुलगी आहे. तिच्या धाकट्या भावास असुर पळवून नेतात आणि ती त्याच्या शोधात निघते. दुर्गा तिला त्रिशूळ देते, पुढे विष्णूकडून धनुष्य मिळते, आणि कथा सांगणारे आवाजही या दोन देवतांचेच. राजस्थानी वाडे आणि पहाडी चित्रांचा रंग त्यात इतका सुरेख उतरला आहे, की नातवाच्या खांद्यावरून पाहता पाहता आम्ही स्वतःच चहा थंड करून घेतला. परंतु संडे स्कूलच्या बाईंनी त्रिशूळाचे नाव ऐकताच कानावर हात ठेवले होते, आणि वहीतला तिसरा रकाना भरला गेला.

येथे कोणी म्हणेल की अमेरिकेतील ख्रिस्ती मुले ग्रीक देवांचा 'गॉड ऑफ वॉर' हा खेळ २००५ पासून खेळत आली आहेत, मग दुर्गेनेच काय केले? हा युक्तिवाद नातवानेही केला. पण तो आम्हांस पटला नाही. अमेरिकेतील मुलाच्या गल्लीत झ्यूसची पूजा होत नाही. नागपुरात नवरात्र आले की चौकाचौकांत दुर्गा बसते, आणि तिच्यापुढे आमचे शेजारी, आमचे सहकारी, आमचे मित्र हात जोडतात. तेव्हा परदेशी परीक्षकास जे एक रंगीत पुराण वाटेल, ते आमच्या दारातली जिवंत गोष्ट आहे. या बाबतीत आम्ही नागपूरकर आजच्या अमेरिकेपेक्षा पहिल्या शतकातील करिंथ शहराला अधिक जवळचे आहोत. तेथील ख्रिस्त्यांच्या बाजारात येणाऱ्या मांसापैकी पुष्कळसे आधी देवळात नैवेद्य म्हणून दाखविलेले असे. ते खावे की नाही, यावरून मंडळीत फूट पडण्याची वेळ आली. प्रेषित पौलाने त्यांस जे लिहिले त्याचा भावार्थ असा, की मूर्ती म्हणजे काहीच नव्हे, म्हणून मांस खाण्याने कोणी बाटत नाही. बाजारातून आणा आणि उगाच चौकशा करीत बसू नका. मात्र तुमचे खाणे पाहून ज्याच्या मनाला ठेच लागते असा कोणी भाऊ शेजारी असेल, तर त्याच्यासाठी ते सोडा. आणि देवळातल्या पंगतीत उपासक म्हणून बसणे ही गोष्ट निराळी. ती करू नका. पौलाने पदार्थांची यादी दिली नाही, हे आम्हांस फार महत्त्वाचे वाटते. यादी मागणारे लोक तेव्हाही असलेच पाहिजेत.

चित्र पाहणे आणि कृती करणे यांतला हा भेद खेळात अधिकच स्पष्ट होतो, कारण खेळात बोट आपले असते. २०२० च्या जून महिन्यात 'पबजी'त एक नवा प्रकार घातला गेला: जंगलातील एका देवखांबापुढे खेळाडूच्या बाहुलीने वाकावे, म्हणजे तिला बळ मिळावे. कुवेत व इतर देशांतील मुसलमान खेळाडूंनी त्यास हरकत घेतली आणि कंपनीने ती वाकण्याची क्रिया काढून टाकली. आमच्या मते त्यांची हरकत नेमकी होती. खांबाचे चित्र असल्याबद्दल त्यांची एवढी तक्रार नव्हती. बळ हवे असेल तर वाक, असे खेळ सांगतो, याबद्दल होती.

ख्रिस्ती लोकांच्या हरकती मात्र नेहमीच इतक्या नेमक्या नसतात. 'डान्टेज इन्फर्नो' नावाच्या खेळाविरुद्ध २००९ मध्ये लॉस एंजेलिसच्या खेळप्रदर्शनाबाहेर काही ख्रिस्ती निदर्शक फलक घेऊन उभे राहिले होते. मागाहून उघड झाले, की ते सर्व भाडोत्री होते. जाहिरातीसाठी खेळाच्या कंपनीनेच त्यांस उभे केले होते! ख्रिस्ती माणूस कशावर चिडेल हे व्यापाऱ्यास इतके बिनचूक ठाऊक असावे, याचा विचार आम्ही पुष्कळ दिवस करीत होतो. याउलट २००७ मधील मँचेस्टरची गोष्ट. तेथील कॅथीड्रलच्या अंतर्भागात बंदुकांची लढाई दाखविणारा एक खेळ सोनी कंपनीने काढला, तेव्हा तेथील धर्माध्यक्षांनी केवळ मंदिराच्या पावित्र्याची तक्रार केली नाही. आपल्या शहरात बंदुकीने खरोखरच माणसे मरत आहेत, हे त्यांनी पुढे केले. कंपनीने क्षमा मागितली.

रक्ताच्या खेळाविषयी जुन्या ख्रिस्ती लेखकांची नजर तीक्ष्ण होती. इसवी सन २०० च्या सुमारास कार्थेजच्या टर्टुलियनने रोमन तमाशांवर एक आख्खा निबंध लिहिला. त्यात मूर्तिपूजेची हरकत आहेच, परंतु पाहणाऱ्याच्या मनात जो क्षोभ उसळतो त्याचीही हरकत आहे. ऑगस्टिनने आपल्या आत्मकथनात अलिपियस या मित्राची हकीकत सांगितली आहे. सोबत्यांनी ओढून नेले म्हणून तो आखाड्यात गेला, आणि डोळे घट्ट मिटून बसला. गर्दीचा गलका कानी आला, डोळे उघडले, रक्त दिसले, आणि पुढे तोच इतरांस तेथे घेऊन जाऊ लागला. डोळे मिटले तरी कान उघडे होते. आमच्या नातवाच्या बाबतीत आम्ही कान उघडे ठेवले. ज्या खेळात देव नाहीत म्हणून तो चालतो, तो हरल्यावर या मुलाने आपल्या नऊ वर्षांच्या बहिणीस जे शब्द वापरले, ते आमच्या घराच्या भिंतींनी पूर्वी ऐकले नव्हते. 'राजी' खेळून उठल्यावर त्याने तिला असुराची गोष्ट सांगितली. एका मुलावरून नियम काढावा असे आमचे म्हणणे नाही. पण वही ज्या मुलासाठी केली तो मुलगा तरी पाहावा की नको?

जुगाराविषयी फार लिहावयास नको. रोमन कॅथलिक मंडळीच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात दैवाचे खेळ स्वतः अन्याय्य ठरविलेले नाहीत. स्वतःच्या व घरच्यांच्या गरजेचा पैसा त्यांत जाऊ लागला म्हणजे ते अग्राह्य, असे म्हटले आहे. आम्ही प्रॉटेस्टंट याहून कडक. पण २०२३ मध्ये नागपुरातील एका व्यापाऱ्याची ऑनलाइन जुगारात सुमारे ५८ कोटींची फसवणूक झाल्याचे प्रकरण पोलिसांत गेले, तेव्हापासून येथे दोन्ही पंथांत मतभेद उरला नसावा. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर संसदेनेही ऑगस्ट २०२५ मध्ये बंदी घातली. वेळेचा प्रश्न त्याहून अवघड. सप्टेंबर २०२५ मध्ये संत म्हणून घोषित झालेला इटलीचा कार्लो अकुतिस हा मुलगा २००६ मध्ये पंधराव्या वर्षी वारला. त्यास व्हिडिओ गेमची आवड होती आणि त्याने स्वतःवर आठवड्यास एका तासाची मर्यादा घालून घेतली होती. हे नातवास सांगितले असता तो म्हणाला, "म्हणूनच तो संत झाला ना, आजोबा." असो.

'राजी'च्या बाजूने आम्हांस सर्वांत जवळचा आधार वाटला तो रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा. नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला, आणि १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. नव्या धर्मात येताना अभंग आणि भजन त्यांनी मागे टाकले नाहीत. टाळमृदंग ही देवळातली वस्तू, असे समजणाऱ्यास ते रुचण्याजोगे नव्हते. आज तीच भजने आम्ही रविवारी निःशंकपणे गातो, आणि त्यांची चाल कोठून आली असे कोणी विचारीत नाही.

हे सर्व आम्ही सूनबाईंपुढे मांडले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले व म्हणाल्या, "ते ठीक आहे, पण आईचे काय?"

आई म्हणजे आमच्या विहीणबाई. त्या उन्हाळ्यात त्या आमच्याकडेच राहावयास होत्या. तरुणपणी त्या स्वतः विश्वासात आल्या, आणि त्याची किंमत म्हणून माहेर त्यांस कायमचे दुरावले. घट बसविणारे घर होते ते. भावाच्या लग्नाचे आमंत्रण त्यांस आले नाही. दुर्गेचे चित्र आमच्या दृष्टीने पुराणातले. त्यांच्या दृष्टीने ते त्या बंद झालेल्या दारावरचे होते. ज्याच्या मनाला ठेच लागेल असा भाऊ म्हणून पौलाने जो सांगितला, तो आमच्याच माजघरात बाजेवर बसून वाटाणे सोलीत होता, आणि आम्ही टर्टुलियन शोधीत होतो.

आजी निजल्यावर खेळत जा, असे सूनबाईंनी सुचविले. नातवाने ते मानले नाही. "म्हणजे लपवून?" त्याने विचारले. या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते, आणि पौलानेही रात्रीच्या वेळेची सवलत दिलेली नाही. शेवटी तो स्वतःच आजीजवळ जाऊन बसला आणि त्याने तिला सगळे सांगितले: राजी कोण, भाऊ कसा नेला, त्रिशूळ कोणी दिला, काहीही न गाळता. तुला वाईट वाटत असेल तर खेळणार नाही, असेही म्हणाला. विहीणबाई बराच वेळ शेंगा सोलीत राहिल्या. त्यांनी खेळ असे म्हटले नाही, खेळू नको असेही म्हटले नाही.

मग त्यांनी विचारले, "त्या पोरीला तिचा भाऊ सापडतो का रे?"

"अजून तिथवर पोहोचलो नाही, आजी," तो म्हणाला.