झिरपणें आणि गळणें : खानदेशांतील एक उन्हाळी प्रवास

प्रवासवर्णनें लिहिणारी मंडळी खानदेशांत जातात तीं बहुधा थंडीच्या दिवसांत. त्या दिवसांत भरताचीं वांगीं असतात, हुरड्याचीं आमंत्रणें असतात आणि केळीच्या बागांवरून येणारा वारा अंगास सुखाचा वाटतो. वैशाखांत खानदेशांत जावें असें मात्र कोणी कोणास सुचवीत नाहीं. जळगांव-भुसावळकडे त्या महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि दुपारीं रस्त्यांवर चिटपांखरूं दिसत नाहीं. परंतु मनुष्याची खरी ओळख जशी त्याच्या अडचणीच्या काळीं पटते, तशी प्रांताची ओळख त्याच्या कठीण ऋतूंत पटते. गेल्या वैशाखांत एका घरगुती कामानिमित्त जळगांव, अमळनेर आणि धुळें असा प्रवास मला घडला. त्यांत खानदेशाची जी ओळख झाली ती वाचकांपुढें ठेवतों.

पूर्वीं हा सारा एकच खानदेश जिल्हा होता. १९०६ सालीं त्याचे दोन भाग झाले. पूर्व खानदेशाचें ठाणें जळगांव आणि पश्चिम खानदेशाचें धुळें. पुढें १९९८ सालीं धुळ्यांतून नंदुरबार निराळा निघाला. सरकारी रेघा अशा बदलल्या, तरी तापीचें खोरें एकच आहे. गिरणा आणि पांझरा या नद्या दक्षिणेकडून येऊन तापीसच मिळतात, आणि ऊनही सर्वांच्या वांट्यास सारखेंच येतें.

मी नागपुराकडून आलों. त्या बाजूनें येणाऱ्यास भुसावळच्या अलीकडे दीपनगरच्या वीजकेंद्राचीं धुराडीं आणि त्यांच्याजवळचे रुंद मनोरे दिसतात. त्या मनोऱ्यांत तापलेलें पाणी वरून खालीं पाडतात. त्यांतील थोडें वाफ होऊन उडून जातें आणि उरलेलें निवतें. आपल्या घरांतील माठाची रीत तरी दुसरी कोणती आहे? माठाच्या अंगांतून पाणी झिरपतें, तें सुकतांना आंतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातें, आणि बाहेर आग पाखडत असतां माठांतला घोट गार लागतो. माठ झिरपेनासा झाला, कीं गृहिणी तो बदलते. खानदेशांत दारोदारीं माठ आणि खिडक्यांतून वाळ्याच्या ताट्या दिसतात, त्या याच न्यायानें.

जळगांवास भाचीच्या घरीं उतरलों, तेथें मात्र याच्या अगदीं उलट न्यायाचें एक यंत्र आजारी पडलें होतें. भाची केळीवरच्या करपा रोगाचा अभ्यास करते. पानांचीं हजारों छायाचित्रें संगणकास दाखवून, रोग डोळ्यांस ठळक दिसूं लागण्यापूर्वींच त्याची लागण ओळखतां यावी, असा तिचा प्रयत्न आहे. असें काम संगणकाला रात्रंदिवस करावें लागतें व त्यांतील प्रोसेसर फार तापतो. नुसत्या पंख्यानें भागत नाहीं, म्हणून तिच्या संगणकांत पाण्याची योजना आहे. प्रोसेसरच्या पाठीवर तांब्याचा एक पोकळ ठोकळा बसविलेला असतो. एक लहानसा पंप त्यांतून पाणी फिरवितो. तें तापलेलें पाणी नळीनें रेडिएटरांत जातें, तेथें पंखे त्याच्यावर वारा घालतात, आणि निवलेलें पाणी पुन्हां ठोकळ्याकडे येतें. मोटारीच्या इंजिनांत जें चालतें तेंच हें, फक्त आटोपशीर.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. माठ पाणी गमावतो, म्हणून तो हवेहूनही गार होऊं शकतो. रेडिएटर पाणी गमावीत नाहीं; तो उष्णता पत्र्यांतून वाऱ्याच्या हवालीं करतो, म्हणून त्यांतील पाणी खोलीच्या हवेहून गार कधींच होत नाहीं. खोलींत ४० अंश उष्मा असेल, तर रेडिएटरांतील पाणी त्याच्या वरच राहणार. म्हणून पुण्यास जी रचना सहज चालते, तिला जळगांवच्या वैशाखांत पुरें बळ लावावें लागतें. माठ झिरपणें हा त्याचा गुण, रेडिएटर गळणें हा त्याचा दोष. आणि विजेच्या यंत्राशेजारीं तो दोष प्राणघातक. ऊर्ध्वपातित पाणी स्वतः विजेचें फारसें वहन करीत नाहीं. पण धातूचे क्षार आणि धूळ मिसळल्यावर तें करूं लागतें, आणि एका थेंबानें यंत्राचा मुख्य फळा जळून जाऊं शकतो.

भाचीच्या संगणकाच्या पेटींत तळाशीं पाण्याचे दोन थेंब आढळले. सुदैवानें त्या वेळीं यंत्र बंद होतें. ज्या दुकानांतून तें आणलें होतें तेथून उत्तर आलें, कीं असे रेडिएटर दुरुस्त होत नसतात. नवा घ्यावा, तो पंधरा दिवसांनीं येईल. तिचे निष्कर्ष सादर करण्यास अवघे दहा दिवस उरले होते. घरांत जुना वाद पुन्हां उपटला. तिचे वडील म्हणाले, “तरी मी सांगत होतों, असलीं कामें करायचीं तर पुण्यास जाऊन राहा.” ती म्हणाली, “केळीच्या बागा इथं, शेतकरी इथं, आणि मी पुण्यास बसून काय करूं, मामा?” मला उत्तर देतां आलें नाहीं, परंतु रेडिएटर काढून पिशवींत घालण्यास मीं हातभार लावला.

जळगांवांतल्या एकदोन रेडिएटरवाल्यांनीं, इतकें बारीक काम आम्ही करीत नाहीं, असें सरळ सांगितलें. त्यांच्यापैकीं एकानेंच धुळ्याच्या एका मिस्त्रीचा पत्ता दिला. दुसऱ्या दिवशीं पहाटे सुरतेकडील गाडीनें आम्ही दोघें निघालों. धरणगांव मागें पडलें आणि ऊन चढूं लागलें तों अमळनेर आलें.

अमळनेरास दोन घटका थांबलों. लहानसें गांव, पण १९१६ सालापासून येथें तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाचें मंदिर आहे. साने गुरुजी येथल्याच प्रताप हायस्कुलांत शिक्षक होते. याच गांवीं १९४५ सालीं वनस्पति तुपाचा एक कारखाना निघाला. तुपावरून तो साबणाकडे वळला आणि कांहीं दशकांनीं संगणकाच्या धंद्यांत शिरला. आज जगभर ‘विप्रो’ म्हणून ओळखली जाणारी कंपनी ती हीच. भाचीस ही हकीकत ठाऊक होती, पण कारखान्याच्या गांवीं उभें राहून ती आठवणें निराळें. “म्हणजे संगणक खानदेशाला अगदींच परका नाहीं,” एवढेंच ती म्हणाली.

अमळनेराहून एस.टी.नें धुळ्यास गेलों. धुळें पांझरेच्या काठीं वसलें आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं येथेंच १९२६ सालीं देह ठेवला. त्यांनीं जमविलेल्या कागदपत्रांचें संशोधन मंदिर गांवाचें भूषण आहे. विनोबांनीं गीतेवरील प्रवचनें दिलीं तीं १९३२ सालीं येथल्याच तुरुंगांत. परंतु मला विशेष सांगावयाचें आहे तें पांझरेवरच्या फड पद्धतीविषयीं. नदींत दगडी बंधारा घालून वरच्या अंगानें पाट काढावयाचा, खालच्या जमिनीचे मोठे मोठे फड पाडावयाचे, आणि एका फडांत सर्वांनीं एकच पीक घ्यावयाचें, अशी ही कित्येक शतकांची रीत. कोणी आपापलें पाणी वळवून घेत नाहीं. पाटकरी ठरल्या क्रमानें तें देतो. पाट स्वच्छ ठेवणें आणि फुटला तेथें बांधणें हें साऱ्या फडकऱ्यांचें सामाईक काम. विहिरी आणि मोठीं धरणें झाल्यावर ही रीत पुष्कळ ठिकाणीं मोडली, तरी कांहीं बंधारे अद्याप पाणी देतात. पाणी हवें तेथें सोडावयाचें आणि नको तेथें एक थेंब जाऊं द्यावयाचा नाहीं, ही विद्या या मुलखांत नवी नाहीं.

धुळ्यास मुंबई-आग्रा रस्ता आणि सुरत-नागपूर रस्ता एकमेकांस छेदतात. ओझ्यानें वांकलेल्या मालमोटारी घाट चढून येतात, त्यांचीं इंजिनें तापतात, आणि म्हणून या रस्त्यांवर रेडिएटर झाळणाऱ्यांचीं दुकानें आहेत. आमचा मिस्त्री पन्नाशीचा होता. पिशवींतून निघालेली वस्तु पाहून तो हंसला नाहीं. आधीं त्यानें सुरीच्या टोंकानें एका कोपऱ्यावरचा काळा रंग खरवडला. तांबें दिसल्यावर मान हलविली. ॲल्युमिनियम असतें तर कथिलाची झाळ त्यावर धरली नसती, असें त्यानें सांगितलें. भाचीनें विचारलें, “वरून एम-सील लावून नाही का भागणार?” तो म्हणाला, “ताई, ते रंगाला चिकटतं, तांब्याला नाही. गरम-गार होता होता सुटतं.”

मग त्यानें एक तोंड बुचानें बंद केलें, दुसऱ्यास नळी लावली, रेडिएटर पाण्याच्या टबांत बुडविला आणि सायकलच्या पंपानें बेताबेतानें हवा भरली. आमचा संशय सांध्यांवर होता; सांधे स्वस्थ होते. बुडबुड्यांची बारीक माळ निघाली ती पंख्याच्या एका स्क्रूच्या भोंकासमोरून. बसविणाऱ्यानें तेथें गरजेहून लांब स्क्रू घातला होता. त्याचें टोंक पातळ नळीस टेकलें होतें. प्रथम ओरखडा, मग गरम-गार होतां होतां छिद्र, असा तो रोग.

मिस्त्रीनें पातळ पात्यानें तेवढ्या जागचे पन्हळी पत्रे बाजूस सारले, नळी घांसून लख्ख केली आणि नवसागर लावला. कल्हईवाला भांड्यास लावतो तोच हा नवसागर. ज्योत त्यानें वापरली नाहीं, कारण तिच्या आंचेनें शेजारचे सांधेही सुटले असते. तापविलेल्या खड्यानें त्यानें गव्हाच्या दाण्याएवढी झाळ बसविली. पुन्हां टब, पुन्हां पंप. पाणी स्थिर राहिलें. तेवढ्यावर त्याचें समाधान झालें नाहीं. “गाडीत एवढं गळलं तर ड्रायव्हर वरून पाणी ओततो आणि पुढं जातो. ह्याच्यात तसं चालणार नाही ना?” असें म्हणून त्यानें रेडिएटर अर्धा तास टबांतच ठेवला. मग नवसागराचा अंश आंत-बाहेर राहूं नये म्हणून तो अनेक वेळां धुतला, आणि त्या जागीं घालण्यास दोन आंखूड स्क्रू आपल्या डब्यांतून दिले. मजुरी सांगितली ती आमच्या जाण्यायेण्याच्या भाड्याहून कमी होती. बॅटरींत घालतात तें ऊर्ध्वपातित पाणीही त्याच बाजारांत मिळालें.

जळगांवास परतल्यावर भाचीनें उतावीळ केली नाहीं. यंत्राच्या इतर भागांची वीज तोडून नुसता पंप तिनें २४ तास चालू ठेवला, आणि प्रत्येक सांध्याखालीं टिपकागद अंथरला. दुसऱ्या दिवशीं कागद कोरडे निघाले. नंतरच संगणक सुरू झाला. पानांचीं छायाचित्रें पुन्हां एकामागून एक त्याच्या नजरेखालून जाऊं लागलीं, आणि कागद सादर करण्याच्या दिवसाआधीं दोन दिवस तिचें काम हातावेगळें झालें.

तिच्या वडिलांचें म्हणणें सर्वस्वीं चूक होतें असें मी म्हणणार नाहीं. पुण्यास सुटे भाग लवकर मिळतात, सोबती मिळतात, हें खरेंच. परंतु जेथें प्रश्न असतो तेथें त्याचें उत्तर शोधणारें माणूसही राहावें लागतें, आणि तें राहूं शकतें तें असल्या मिस्त्रींच्या आधारावर. ज्या दुकानानें नवा घ्या म्हणून सांगितलें त्याच्याजवळ माल होता. धुळ्याच्या मिस्त्रीजवळ हात होता. संगणक त्यानें पूर्वीं उघडला नव्हता, पण पाणी कोठून निसटतें हें त्यास ठाऊक होतें. आपल्या घरांतील मुलेंमुली मोठमोठीं यंत्रें चालवूं लागलीं आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांस अशा एखाद्या दुकानाची ओळख आपण करून दिली, तर तीही त्यांच्या शिक्षणांत जमा धरावी.

वैशाखांत खानदेश पाहूं इच्छिणाऱ्यानें पहाटेची गाडी धरावी, दुपारीं धुळ्याच्या संशोधन मंदिराच्या सांवलींत विसावा घ्यावा आणि उन्हें कलल्यावर पांझरेच्या कांठीं जुना बंधारा पाहण्यास जावें. वाटेंत आग्रा रस्त्यावर एखाद्या रेडिएटरवाल्याच्या टबापाशीं घटकाभर उभें राहण्यासही हरकत नाहीं.