पाणी कुठवर आलं होतं?

सांगलीत भाड्याचं घर बघायला गेलात, तर भाडं किती हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न ठरलेला, "२०१९ ला पाणी कुठवर आलं होतं?" यात कुणाला राग येत नाही. घर दाखवणारा माणूस भिंतीला हात लावून सांगतो, "इथवर." आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५ फूट, हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. २००५ आणि २०२१ चे पूरही लोक असेच भिंतीवर दाखवतात.

दोन वर्षांपूर्वी आम्ही पुण्यातून, कोंढव्यातून, बाहेर पडायचं ठरवलं. नवरा हिशेबाचं काम करतो, ते आता घरून चालतं. माझं माहेर सातारा, सासर मिरज. साताऱ्यात अब्बा अम्मीच्या इंतकालनंतर एकटे राहतात. मिरजेत सासूबाईंचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि त्यांना नेणारा दीर कामासाठी आखातात गेलेला. अब्बा सातारा सोडणार नाहीत, सासूबाई मिरज सोडणार नाहीत. आम्हालाच कुठंतरी जायचं होतं, आणि कुठंही गेलो तरी एक म्हातारं माणूस मागं राहणार होतं.

मी वहीत दोन रकाने आखले. साताऱ्याच्या बाजूला लिहिलं: पुणे ११० किलोमीटर, तेही हायवेनं. गाव अजिंक्यताऱ्याच्या उतारावर, म्हणून पुराची भीती नाही. प्यायला कासच्या तलावाचं पाणी. शाळा भरपूर. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातिधर्मांच्या मुलांना एका छताखाली ठेवणारं वसतिगृह सुरू केलं. अब्बा रयतेच्याच 'कमवा आणि शिका'त शिकले. त्यांच्या बोलण्यात अजूनही 'अण्णा' येतात, घरातल्या वडीलधाऱ्यासारखे.

मिरजेच्या बाजूला लिहिलं: दवाखाने, दवाखाने, दवाखाने. वानलेस डॉक्टरांच्या मिशन हॉस्पिटलपासून हे गावच उपचारांचं झालंय. कर्नाटकातून माणसं उपचाराला येतात. शिवाय रेल्वेचं जंक्शन. सांगली, मिरज, कुपवाड मिळून १९९८ पासून महानगरपालिका, म्हणजे मुलांना कॉलेज जवळ. आणि एक गोष्ट मी रकान्यात लिहिली नाही, पण मनात होती. मिरजेत सतार-तंबोरे घडवणारी शिकलगारांची घरं आहेत. ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे, उरुसाला तिथं मोठमोठे गवई हजेरी लावतात. त्याच उरुसात पहिला गलेफ चर्मकार समाजाचा असतो. माझ्या मुलीला गाण्याचं वेड आहे.

पण आमच्यासारख्यांच्या घरात वहीचं आणखी एक पान असतं. ते कुणी लिहीत नाही.

आमचं आडनाव वतनदारीचं, मराठ्यांतही असतं आणि ब्राह्मणांतही. फोनवर त्यावरून काही कळत नाही. साताऱ्यात एका फ्लॅटचं सगळं जमलं होतं. मालकीणबाई म्हणाल्या, "या, चहाला या." गेलो. नवऱ्याचं पूर्ण नाव ऐकल्यावर चहा आला, पण फ्लॅट पुतण्याला द्यायचा असल्याचं त्यांना अचानक आठवलं. मला वाईट वाटलं, नवऱ्याला जरा बरं वाटलं. तुझ्या साताऱ्यात बघ! पुढच्या आठवड्यात सांगलीत विश्रामबागच्या बाजूला तेच झालं. तिथं भाचा होता.

त्या रात्री आम्ही भांडलो. तो म्हणाला, पुसेसावळी. १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री सातारा जिल्ह्यातल्या त्या गावात जमावानं मशिदीवर हल्ला केला, एका तरुणाचा जीव गेला. मी म्हणाले, मिरज. सप्टेंबर २००९, गणेशोत्सव, अफजलखान वधाच्या चित्राची कमान, दंगल, संचारबंदी. आजूबाजूच्या गावांपर्यंत ते लोण गेलं होतं. भांडणात नवरा-बायको एकमेकांचं माहेर-सासर काढतात, तसे आम्ही एकमेकांच्या गावांचे मेलेले आणि जखमी मोजत होतो. मुलगी दारात उभी होती. ती म्हणाली, "मग कुठंच जायचं नाही का?"

दुसऱ्या दिवशी सांगलीतला तो पहिला प्रश्न आठवला. पुराचं लोक उघड विचारतात, उघड सांगतात. म्हणून तर कुठली खोली रिकामी करायची, गॅसची टाकी कुठं चढवायची, हे आधीच ठरलेलं असतं. या दुसऱ्या पाण्याबद्दल मात्र कुणी विचारत नाही. आम्ही 'आमच्या गल्लीत तसलं काही नाही' म्हणतो, तेही तसंच म्हणतात.

मी विचारायचं ठरवलं. मिरजेत सासूबाईंच्या शेजारी एक काकू राहतात. दळण आणायला बरोबर निघालो होतो. म्हटलं, "काकू, २००९ ला इथं काय झालं होतं हो?" त्या चालता चालता थांबल्या. म्हणाल्या, "तुझ्या सासूला दूध आमच्या घरातून जायचं, ते तुला ठाऊक असेल. आमच्या थोरल्यानं दगड उचलला होता, ते ठाऊक नसेल. ह्यांनी त्याच्याशी दिवाळीपर्यंत बोलणं टाकलं होतं." मग डब्याचा हात बदलून म्हणाल्या, "आता तोच तुझ्या सासूला रिक्षानं दवाखान्यात नेतो की."

रिक्षावाला दादा कोण, हे मला माहीत होतं. हे माहीत नव्हतं. आनंद व्हावा की भीती वाटावी, मला कळेना. पण इतक्या वर्षांत मला कुणी भिंतीला हात लावून 'इथवर' म्हणालं नव्हतं.

साताऱ्याला जाऊन अब्बांना सांगितलं. २०२३ च्या त्या दिवसांत जिल्ह्यात इंटरनेट बंद होतं, तेव्हा त्यांचे वर्गमित्र रोज संध्याकाळी येऊन बसायचे, हेही त्यांनी मला तेव्हाच पहिल्यांदा सांगितलं. मग म्हणाले, "पानी किधर तक आया था, ये खुल्ला बोलनेवाला पड़ोसी मिल्या तो घर लेव. मेरी फिकीर नक्को कर." फिकीर नक्को म्हणताना ते माझ्याकडं बघत नव्हते.

आम्ही मिरजेत आलो. दुसरा मजला, चढाचा रस्ता, काकूंपासून चार घरं. मुलगी गाणं शिकते. हा निर्णय फुकट झालेला नाही. अब्बांचा रोजचा डबा आता बाहेरून येतो, आणि तो त्यांना आवडत नाही.

दर दुसऱ्या शनिवारी मी एसटीनं साताऱ्याला जाते. वाटेत इस्लामपूर लागतं. जुलै २०२५ मध्ये विधानसभेत त्याचं नाव ईश्वरपूर करण्याची घोषणा झाली. त्याच वाळवा तालुक्यात गोटखिंडीला गणपती मशिदीत बसतो, १९८० पासून. स्टँड आला की कंडक्टर कधी एक नाव पुकारतो, कधी दुसरं. उतरणारी माणसं दोन्ही नावांना उतरतात. मी खिडकीतून बघत राहते.

पावसाळ्यात अब्बांचा फोन जास्त येतो. महाबळेश्वरचा पाऊस कृष्णेनं येतो, कोयनेचं पाणी कऱ्हाडला तिला मिळतं, आणि मग सगळं आमच्याकडं. साताऱ्याचं आभाळ बघून अब्बा मिरजेची काळजी करतात. परवा रात्री असाच फोन आला.

"कोयनेचे दरवाजे उघडलेत म्हणे. तुमच्याकडं कुठवर आलंय?"