पकड

मराठीच्या अध्यापिकेने यंत्रखरेदीवर लिहिणे औचित्याला धरून नाही, हे मला मान्य आहे. तरीही लिहीत आहे, कारण गेल्या दीड-दोन वर्षांत मला सर्वांत अधिक विचार करायला लावणारी गोष्ट पुस्तक नव्हती, यंत्र होते.

चार वर्षांपूर्वी वडील गेले आणि कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या लहानशा वर्कशॉपची भागीदारी मी आणि धाकटा भाऊ अशा दोघांच्या नावावर आली. चालवतो तो, मी फक्त सही करते. सही करण्यापुरता संबंध म्हणजे संबंध नव्हेच, अशी माझी सोयीची समजूत होती. कर्जाच्या कागदांवर राहते घर तारण म्हणून लिहिलेले पाहिले, तेव्हा ती समजूत संपली.

भावाला 'टर्न-मिल' यंत्र घ्यायचे होते. लेथवर जॉब फिरतो आणि टूल स्थिर असते; मिलिंगवर टूल फिरते आणि जॉब स्थिर असतो. शंभर-सव्वाशे वर्षे या दोन वेगळ्या जाती मानल्या गेल्या, त्यांचे कारागीरही वेगळे. टर्न-मिल हा भेद मोडते. जॉब एकदा पकडला की कातणे, भोके पाडणे, खाचा काढणे, आटे पाडणे ही सारी कामे एकाच यंत्रात होतात. पुढची बाजू झाली की समोरचा दुसरा स्पिंडल येऊन तो जॉब आपल्या चकमध्ये घेतो आणि मागची बाजूही तिथेच पुरी होते.

हे सारे हवे कशासाठी, असा माझा पहिला प्रश्न होता. भावाने उत्तर न देता परत आलेल्या मालाची एक पेटी दाखवली. ओतीव बिडाचे व्हॉल्व्हचे जॉब होते. प्रत्येक जॉब चार ठिकाणी चार वेळा पकडला जाई, आणि दर नव्या पकडीत केंद्र किंचित हलत असे. सवलत २० मायक्रॉनची होती. माणसाचा केस याच्या तिप्पट-चौपट जाड असतो. "ताई, चौघांनीही काम चोख केलंय. चूक कुणाचीच नाही. चूक मधल्या हाताबदलात आहे," तो म्हणाला.

हे वाक्य मला वर्गात पुरेल इतके मोठे वाटले. पण ते दृष्टान्त म्हणून वापरण्याचा मोह मी आवरला. त्या पेटीत आमच्या तीन महिन्यांच्या हप्त्यांएवढे पैसे पडलेले होते.

इथे थोडे विषयांतर. दरवर्षी मी मर्ढेकर शिकवते. यंत्रयुग, मानवी अस्तित्वाचे तुटलेपण, संवेदनेचे यांत्रिकीकरण हे शब्द मी इतक्या वेळा फळ्यावर लिहिले आहेत की, खडू आपोआप चालतो. त्यानंतर नारायण सुर्वे, 'माझे विद्यापीठ', कामगाराचे जगणे. आपल्या वाङ्मयविचारात यंत्र एक तर राक्षस असते, नाही तर शोषणाची पार्श्वभूमी. कोणते यंत्र घ्यावे, कोणते न घ्यावे, असा प्रश्न पडलेला माणूस मला आपल्या साहित्यात फारसा भेटलेला नाही. आणि तरीही १९२० साली किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून 'किर्लोस्कर खबर' निघाले आणि पुढे त्याचेच मराठीतले एक महत्त्वाचे मासिक झाले, हे मीच परीक्षेत विचारते. 'कातीव' हे विशेषण शैलीला लावताना तो कातारी आणि त्याचे चाक आपल्याला आठवत नाही. माझी एम्. ए.ची फी ज्या लेथने भरली, त्याचे नावही मी आजवर कुठे लिहिले नव्हते. ते लिहिते : एच्.एम्.टी., एन्.एच्. २२.

असो. जानेवारी २०२५ मध्ये आम्ही बंगळुरूला 'इमटेक्स' प्रदर्शन पाहायला गेलो. सोबत मामा होते. मामा म्हणजे वडिलांच्या वेळचे टर्नर. नात्याचे नव्हेत, पण नात्याहून कमीही नव्हेत. काचेआड जपानी, जर्मन, तैवानी आणि आपल्याकडचीही यंत्रे काम करत होती. भावाचे मन एका यंत्रावर जडले. त्याचा मिलिंगचा स्पिंडल हवा तसा कलत असे. याला 'बी-अक्ष' म्हणतात. तो कलला की तिरके भोक, तिरका पृष्ठभाग, काहीही शक्य. विक्रेत्याने पोलादाच्या भरीव दांड्यातून एक पंख्याचे चक्र कोरून दाखवले. ते सुंदर होते, आणि सौंदर्यापुढे माणूस हिशेब विसरतो हे मला माझ्या विषयामुळे चांगले ठाऊक आहे. भाऊ विसरला होता.

मामा मात्र काचेपाशी बराच वेळ उभे राहून म्हणाले, "भरीव दांडा कोन बी कापंल. आपला जॉब आतनं पोकळ हाय. पातळ भिंत. चकनं आवळला की गोल कापतंय, सोडला की अंडं. दुसरा स्पिंडल त्येला धरनार कुठं? आपला जॉब कापून दाखवा म्हनावं."

पुढच्या दोन महिन्यांची सारी चौकशी या प्रश्नाभोवती फिरली. जॉब सोडून देताना दोन्ही चकची पकड क्षणभर एकाच वेळी त्यावर असते. पकड सैल ठेवली तर जॉब सरकतो, घट्ट केली तर पातळ भिंत दबते. म्हणून त्या जॉबच्या मापाचे मऊ जॉ बनवून ते त्याच चकवर कातून घ्यावे लागतात आणि दाब कमीत कमी ठेवावा लागतो. माहितीपत्रकात याचा शब्दही नव्हता. दोन विक्रेत्यांनी आमचा जॉब कापून द्यायचे कबूल केले.

दरम्यान मी मला जमेल ते काम केले. म्हणजे वाचन. भावाकडून वर्षभरात केलेल्या सगळ्या जॉबची ड्रॉइंग्ज मागवली आणि प्रश्नपत्रिका तपासावी तशी एकेक तपासली. प्रत्येकाला तीन प्रश्न : मध्यरेषेपासून बाजूला सरकलेले आडवे भोक किंवा खाच आहे का? मागच्या बाजूलाही काम आहे का? तिरके भोक आहे का? पहिल्यासाठी 'वाय-अक्ष' लागतो, दुसऱ्यासाठी दुसरा स्पिंडल, तिसऱ्यासाठी बी-अक्ष. एकूण १७ जॉब. पहिल्या प्रश्नाला ११ होकार, दुसऱ्याला १४, तिसऱ्याला फक्त दोन. आणि त्या दोन्हींत तिरकेपणाचा कोन ठरलेला, म्हणजे ठरावीक कोनाचा टूल-होल्डर लावून भागणारा.

चाचणीचे आकडेही आले. जुन्या पद्धतीने प्रत्यक्ष कापण्याचा वेळ २६ मिनिटे होता. बी-अक्षाच्या यंत्रावर १९, आणि टरेटवर फिरती टूल्स, वाय-अक्ष व दुसरा स्पिंडल असलेल्या साध्या टर्न-मिलवर २२. तीन मिनिटांच्या फरकासाठी किंमत जवळजवळ दुप्पट. पण खरा आकडा वेगळाच होता. जुन्या पद्धतीत जॉब कापला जाई २६ मिनिटे, आणि एका यंत्राकडून दुसऱ्याकडे जाण्याची वाट पाहत क्रेटमध्ये पडून राही चार दिवस. दोन्ही नवी यंत्रे हे चार दिवस पुसून टाकत होती.

भावाशी भांडण झाले. "उद्याची कामं आजच्या ड्रॉइंगवरून ठरत नाहीत," तो म्हणाला. त्याचे चूक नव्हते. माझी भीती वेगळी होती. चार यंत्रांतले एक बंद पडले तर तीन चालतात. सगळे एकाच यंत्रात घातले आणि ते थांबले तर सगळेच थांबते. एका चुकीच्या प्रोग्रॅमने टूल चकवर आदळले तर स्पिंडलची दुरुस्ती किती लाखांची, आणि इंजिनिअर कुठून, किती दिवसांनी येणार? हप्ता मात्र ठरल्या तारखेलाच. शेवटी साधे यंत्र ठरले, आणि वाचलेल्या पैशांतून प्रोग्रॅमिंगचे सॉफ्टवेअर घेतले. यंत्रावर चालवण्याआधी सारी हालचाल पडद्यावर तपासता येते.

जुन्या यंत्रांवर तीन मुले होती. एक प्रोग्रॅमिंग शिकला. दुसरा नव्या यंत्रावर लागला. तिसऱ्याला काम उरले नाही. भावाने त्याला शेजारच्या कारखान्यात चिकटवून दिले. तिथे पगार कमी आहे. वर्गात कामगार कविता शिकवताना आता माझा आवाज पूर्वीसारखा ठाम लागत नाही, एवढेच सांगते.

यंत्र गेल्या वर्षी आले. खंडेनवमीला मामांनी पहिला हार एन्.एच्. २२ ला घातला, दुसरा नव्याला. मग मायक्रोमीटर घेऊन सकाळचा जॉब तीन ठिकाणी मोजला, काही न बोलता तो माझ्या हातात दिला आणि हात पुसले. परत आलेल्या मालाची पेटी आता रिकामी असते.

हे इथेच संपवले असते तर बरे दिसले असते. पण परवा वर्कशॉपच्या टेबलावर एक ड्रॉइंग उपडे पडलेले दिसले. सुलटे करून पाहिले. जॉब चांगला होता, संख्या मोठी, आणि त्यावर सहा तिरकी भोके, सहाही वेगवेगळ्या कोनांत. कोपऱ्यात भावाच्या अक्षरात लिहिले होते : 'आपल्याकडे होणार नाही.' त्याने ते मला दाखवले नव्हते. मी ते होते तसे उपडे ठेवले आणि हप्त्याच्या चेकवर सही केली.