उताराचं गणित

अजिंठ्याची लेणी सोयगाव तालुक्यात आहेत, हे लेणी पाहून आलेल्या बहुतेकांना ठाऊक नसतं. फर्दापूरला गाडी लावायची, लेणी पाहायची आणि मुक्कामाला शंभरेक किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरला, नाहीतर साठेक किलोमीटरवरच्या जळगावला परतायचं. पैसा मुक्कामाच्या गावी खर्च होतो. सोयगावच्या वाट्याला चहा येतो.

डोंगरात सायकलच्या वाटा आखणं हा माझा व्यवसाय. अमेरिकेतल्या ओरेगॉनमधलं ओकरिज हे लाकडाच्या गिरण्यांवर जगणारं गाव. गिरण्या बंद पडल्यावर आसपासच्या जंगलवाटांवर सायकलवाले येऊ लागले. गिरणीतले पगार परत आले नाहीत, हे खरंच. पण चार तास चढ-उतार केलेल्या माणसाला आंघोळ, पोटभर जेवण आणि पाठ टेकायला जागा लागते. तिथं गावाचा धंदा सुरू होतो.

सोयगावला डोंगर आयता आहे. हळद्याच्या घाटाशेजारी वेताळवाडीचा किल्ला, पलीकडे जंजाळा आणि घटोत्कच लेणी. गुराख्यांच्या जुन्या वाटाही आहेत, मात्र त्या थेट उतारावर धावतात. अशा वाटेवर आधी पाणी उतरतं, मग माती, आणि दोन पावसाळ्यांत वाटेचा ओहळ होतो. म्हणून आमचा साधा नियम : वाटेचा चढ डोंगरउताराच्या निम्म्याहून कमी ठेवायचा, सरासरी दहा टक्क्यांच्या आसपास. कडेला किंचित कल द्यायचा आणि अधूनमधून वाट जराशी वर उचलायची, म्हणजे पाणी तिथंच बाहेर पडतं. मुरूम हे सगळं सोसतो. पायथ्याची काळी माती सोसत नाही. ओली झाली की चाकच फिरत नाही. भर पावसात वाट बंदच ठेवावी, आणि एप्रिल-मेच्या उन्हात कुणाला बोलावू नये. खरा हंगाम सीताफळं पिकू लागली की सुरू होतो आणि थंडीबरोबर संपतो.

हे काम परक्या ठेकेदाराचं नाही. 1977 च्या रोजगार हमी कायद्यापासून मराठवाड्याने किती बांध घातले, किती सलग समतल चर खणले! ए-फ्रेम घेऊन डोंगरावर समपातळी रेषा काढणारा माणूस सायकलची वाट आखायला आठवड्यात शिकतो. त्याला शिकवताना मीच कमी बोलतो. यंत्र आणून रुंद रस्ता कापणाऱ्यांची मात्र मला भीती वाटते. तसा रस्ता झाला की मोटारसायकली येतात, आणि सायकलवाला जातो.

वनजमिनीवर वन विभागाच्या परवानगीशिवाय कुदळ मारू नये, किल्ल्याच्या तटाआत सायकल नेऊ नये. मुंबईकडून येणाऱ्याने पाचोऱ्याला रेल्वेतून उतरून शेंदुर्णीमार्गे सोयगाव गाठावं. त्याला जेवू घालणारी चार घरं आधी तयार हवीत. वन विभागाने आणि ग्रामपंचायतींनी सुरुवातीला दोन-तीन किलोमीटरचीच वाट करावी, पण दर पावसाळ्यानंतरच्या दुरुस्तीची मजुरी पहिल्याच अंदाजपत्रकात धरावी. ती धरलेली नसेल, तर वाट करूच नये.