पंधरा मुक्काम

दिवसभराची भातगिरण्यांची धडधड निमाल्यावर, गोंदिया जंक्शनातून हावड्याच्या दिशेने निघालेल्या एखाद्या मालगाडीचा निनाद तेवढा पावसाच्या रिपरिपीत मिसळून येत असताना, मेजावर मेट्रोनोमचा लाकडी मनोरा मांडून मी गिटार मांडीवर घेतो. सोळा स्वरांची एक सुरावट, जिला गिटारवादक ‘लिक’ म्हणतात, गेले तीन आठवडे माझ्या रियाजात आहे. मिनिटास 60 ठोके आणि ठोक्यास चार स्वर या हिशेबाने ती चार सेकंदांत संपते. स्वरास्वरांतील ते पाव सेकंदाचे अंतर किती ऐसपैस असते, हे त्यात रोज राहिल्याशिवाय उमगत नाही.

पूर्वी हीच सुरावट मी थेट 120 वर वाजवीत असे आणि ती आपल्याला येते अशी माझी प्रामाणिक समजूत होती. लय निम्म्यावर आणताच दिसून आले की, तिसऱ्या तारेवरून दुसरीवर जाताना खाली-वर हा पिकचा क्रम मोडून आघात दोनदा खालीच पडतो, आणि अनामिका आपले काम संपताच तारेपासून उगाच उंच उडते व परतताना उशीर करते. बोटांना खरेखोटे कळत नाही. जे पुन्हापुन्हा करवून घ्यावे त्याचीच ती नोंद ठेवतात, आणि घाईत झालेली चूकदेखील त्यांच्या दप्तरी तितक्याच निष्ठेने दाखल होते.

तबल्याचा विद्यार्थी कायदा प्रथम ठाय लयीत बसवतो, मग त्याची दुगुन आणि चौगुन करतो. मात्रा जागच्या जागी स्थिर राहते आणि तिच्या पोटात बोलांची संख्या दुप्पट होते. हे गणित मला अतिशय देखणे वाटते. परंतु बोटांच्या दृष्टीने ठायीतून दुगुनीत जाणे म्हणजे 60 वरून एकदम 120 वर झेप घेणे होय, आणि माझी सुरावट विस्कटत असे ती नेमकी मधल्या मुलुखात, 88 च्या आसपास. ज्याची सनद योहान मेल्झेल याने 1815 मध्ये मिळवली, पण ज्याची मूळ युक्ती ॲमस्टरडॅमच्या विंकेल याची होती, त्या लंबकाच्या यंत्रावर या दोन टोकांच्या दरम्यान 63, 66, 69, 72, 76 अशा चढत्या पंधरा खुणा कोरलेल्या असतात. त्या पंधरा मुक्कामांवर दरमजल करीत जावे, आणि जेथे एकही स्वर मळेल तेथून एक मुक्काम मागे यावे, एवढाच माझ्या रियाजाचा दस्तूर आहे.

शेजारच्या काकू बिड्या वळतात. मजुरी हजारावर मिळते, तेव्हा वेगाची गरज त्यांच्याइतकी मला कधीच असणार नाही. भिजवलेले तेंदूचे पान फर्म्याबरहुकूम कापणे, त्यात चिमूटभर तंबाखू पसरणे, वळणे, तोंड मुडपणे आणि दोरा बांधणे, या साऱ्या क्रिया त्यांच्या हातून अशा सलग घडतात की एक कोठे संपली व दुसरी कोठे सुरू झाली हे पाहणाऱ्यास सांगता येऊ नये. इतकी घाई कशी साधते, असे मी एकदा विचारले, तेव्हा त्या सुपावरून मान वर न करता म्हणाल्या, “घाई नाई करत मी बाबू, हात रिकामा नाई फिरू देत.”

त्या दिवसापासून मी ठोके मोजण्याऐवजी अनामिकेकडे पाहू लागलो. ती तारेलगत राहिली की पुढचा स्वर आपोआप वेळेवर येतो. पाव सेकंदातला मोठा भाग तिच्या त्या रिकाम्या फेरीतच खर्ची पडत होता.

आज वजन 63 वर सरकवले आहे. पहिल्या वीस आवर्तनांत स्वर स्वच्छ आले, एकविसाव्यात दुसऱ्या तारेवर बोट पुन्हा उचलले गेले. बाहेर पाऊस वाढला आहे आणि मी वजन 60 वर आणून ठेवले आहे.