वर्ध्याच्या हवेत इलेक्ट्रिक गिटारची पारख

बाहेरून आलेल्या स्वस्त इलेक्ट्रिक गिटारचे लाकूडकाम सहसा वाईट नसते. नेक आणि बॉडी संगणकावर चालणारे यंत्र कापते, आणि महाग-स्वस्त हा भेद त्या यंत्राला कळत नाही. काटकसर होते ती माणसाच्या हातच्या कामात: फ्रेटची टोके घासणे, सगळे फ्रेट एका पातळीत आणणे, नटच्या, म्हणजे नेकच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचा तारेच्या जाडीनुसार कोरणे. पारखही याच जागांची करायची. हेडस्टॉकवरचे नाव फारसे काही सांगत नाही. स्क्वायर हे फेंडरचे स्वस्तातले नाव, एपिफोन गिब्सनचे. दोन्हींच्या बहुतेक गिटारी चीन-इंडोनेशियात तयार होतात आणि एकाच मॉडेलच्या दोन नगांत ठळक फरक निघतो. म्हणून मॉडेल पसंत करून भागत नाही, हातातला नग पसंत करावा लागतो.

सुरुवात नेकपासून. ब्रिजकडून डोळा लावून नेकच्या कडेने पाहिले की पीळ असेल तर लगेच दिसतो. पीळ असलेली गिटार तिथेच परत करावी, कारण दुरुस्तीचा खर्च तिच्या किमतीला टेकतो. साधा बाक हा दोष नव्हे. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरली की सातव्या-आठव्या फ्रेटपाशी ०.२ ते ०.३ मिमी फट राहायला हवी. कमी-जास्त असेल तर नेकमधला ट्रस रॉड एका वेळी पाव फेरा फिरवून ती सुधारते. रॉड फिरतच नसेल, तर मात्र ती गिटार घेऊ नये.

फ्रेटची पातळी तपासायला जुने एटीएम कार्ड पुरते. त्याची कड शेजारच्या तीन फ्रेटवर उभी टेकवायची. कार्ड डुगडुगले तर मधला फ्रेट वर आलेला आहे. दुकानदार चमकून पाहतो, पाहू द्यावे. मग पातळ तार बाराव्या फ्रेटच्या पुढे ओढून वाजवावी. सूर मध्येच घुसमटला तर पुढचा एखादा फ्रेट आड येतो आहे. नटची खाच उथळ राहिली असेल तर पहिल्या फ्रेटवरचे सूर चढे लागतात, आणि नवशिक्या बिचारा आपल्याच बोटांना दोष देतो.

यापुढची परीक्षा वर्ध्याचे हवामान घेते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि हवा कोरडीठाक होते. लाकूड आकसते, फ्रेटची धातूची टोके मात्र जागीच राहतात आणि नेकच्या कडेवरून हात फिरवला की करवतीसारखी लागतात. बाक कमी होऊन तारा फ्रेटवर खरखरतात. पावसाळ्यात सगळे उलट होते: लाकूड ओल पिते, बाक वाढतो, तारा उंच होतात. त्यात घरोघरी कूलर. कूलरसमोर टांगलेली गिटार रात्रभर ओली हवा खाते आणि दुपारी कूलर बंद झाला की पुन्हा सुकते. तारांना गंज चढतो तो वेगळाच. म्हणून आर्वीत काय किंवा हिंगणघाटात काय, गिटार उन्हाळ्यात पारखून घेणे शहाणपणाचे. मे महिन्यात फ्रेटची टोके टोचत नसतील, तर लाकूड नीट सुकवलेले आहे असे धरायला हरकत नाही.

फ्रेटबोर्डच्या लाकडाची एक गंमत आहे. फ्रेटबोर्डसाठी वापरल्या जाणाऱ्या शिसवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ मध्ये निर्बंध आले, तेव्हा अनेक स्वस्त गिटारींवर ‘इंडियन लॉरेल’ दिसू लागले. म्हणजे आपला ऐन, बोर अभयारण्यात सागाशेजारी उभा असलेला. काम चांगले देतो. फार कोरडा, फिकट दिसला तर वर्षातून एखाददा तेलाचा हलका हात पुरे.

पिकअपची फार काळजी करू नये. स्वस्त पिकअपमध्ये बहुधा सिरॅमिक चुंबक असतो, त्याचा आवाज थोडा टोकदार लागतो. पुढेमागे बदलता येतो. बटणे फिरवताना येणारी करकर बहुतेकदा धुळीची असते. सिंगल कॉइल पिकअप घरातल्या ५० हर्ट्‌झच्या विजेची गुणगुण पकडणारच. ट्यूबलाइटचा चोक आणि कूलरची मोटर यांच्यापासून दूर उभे राहूनच ती जोखावी. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर ब्रिजची अर्थिंगची तार शाबूत आहे. काहीच फरक पडला नाही तर ती सुटलेली असण्याची शक्यता असते, आणि एका टाक्याने काम होते. पण हाताला झिणझिण्या आल्या तर दोष बहुधा गिटारचा नसतो. अनेक जुन्या घरांत तीन पिनांच्या सॉकेटला मागे अर्थिंगची तारच जोडलेली नसते. तेव्हा अ‍ॅम्पची पिन काढावी आणि इलेक्ट्रिशियनला बोलवावे. तो येऊन जाईपर्यंत वाजवू नये.